अफूची ‘पेटी’: वजन की नग?

प्रश्न असा आहे: भारतातून चीनला जाणारी अफू टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या १९०७ आणि १९११ च्या ब्रिटन-चीन करारांचं मराठी करताना ‘चेस्ट’साठी ‘पेटी’ लिहावं की ‘खोका’? आणि वाचकाच्या सोयीसाठी आकडे किलोत द्यावेत का?

‘पेटी’च लिहावं. हापूसची पेटी म्हटलं की लाकडी खोका, त्यातली भरती आणि बाजारातला एक नग हे तिन्ही अर्थ आपल्याला एकदम कळतात. ‘खोका’ म्हटलं की नुसती वस्तू उरते.

किलोचं मात्र जपून. करारांत हा एकच शब्द दोन कामं करतो. जकातीच्या कलमात पेटी हे वजन आहे. ब्रिटन-चीनमधल्या चेफू कराराच्या १८८५ च्या पुरवणीत १०० कॅटींच्या (कॅटी हे चिनी वजन) पेटीला ११० टेल (चांदीत मोजायचं चिनी चलन) आकार ठरला, १९११ मध्ये तो ३५० टेल झाला. १०० कॅटी म्हणजे साधारण साडेसाठ किलो. इथे कंसात किलो दिले तर बिघडत नाही.

निर्यातीच्या कलमात पेटी हा नग आहे. चीनला जाणाऱ्या माळवी आणि बंगाली अफूची सरासरी ५१,००० पेट्या धरली गेली आणि १९०८ पासून दरवर्षी ५,१०० पेट्या कमी करायच्या ठरल्या. प्रत्यक्षातली पेटी एकसारखी नव्हती. कलकत्त्याच्या लिलावातल्या बंगाल पेटीत ४० गोळे, एकूण सुमारे ६३ किलो, आणि त्यात ओल बरीच. मुंबईहून जाणाऱ्या माळवी पेटीत लहान वड्या, माल अधिक कोरडा. दोन्हींना एकच गुणक लावून टनांचा आकडा काढला, तर करारात नसलेला नेमकेपणा भाषांतरात घुसतो. म्हणून इथे ‘५,१०० पेट्या’ तसंच ठेवावं.

खरी अडचण १९११ च्या करारातल्या ‘सर्टिफिकेटेड’ पेटीची. ‘प्रमाणित’ लिहिलं की वाचकाला मालाची प्रत तपासल्यासारखं वाटतं. तसं काही नव्हतं. चीनसाठीच्या प्रत्येक पेटीला भारत सरकारचा अनुक्रमांकित निर्यात परवाना होता. १९११ साठी असे ३०,६०० परवाने ठरले: ५१,००० मधून चार वर्षांची घट वजा. म्हणून ‘दाखल्याची पेटी’ म्हणावं. ‘दाखला’ हा कचेरीतला रुळलेला शब्द आहे आणि त्याचा उलटा ‘बिनदाखल्याची पेटी’ही सहज तयार होतो. तो लागतोच, कारण हाँगकाँग आणि शांघायच्या वखारींत आधीच साठलेला माल याच सदरात होता. त्याची मोजदाद करून पुढच्या वर्षांच्या परवान्यांतून तेवढी वजावट करायची होती. अफूचा व्यापार करणाऱ्या ससूनसारख्या पेढ्यांचं भांडवल या साठ्यात अडकलं होतं. लंडन आणि पेकिंगच्या पत्रव्यवहारात ‘स्टॉक’ हा शब्द वारंवार येतो तो त्यामुळे. त्याला ‘साठा’ म्हणावं. ‘शिल्लक’ म्हटलं तर रोकड वाटते.

१९१३ मध्ये भारत सरकारने चीनसाठीची विक्री थांबवली, तरी साठ्याचा प्रश्न उरलाच. शेवटी चिनी सरकारने उरलेला साठा विकत घेतला आणि जानेवारी १९१९ मध्ये शांघायच्या पुदोंग भागात तो जाळला. त्या वर्णनातली पेटी खरोखर लाकडाची आहे. तिथे ‘पेट्या फोडल्या’ असं बेलाशक लिहावं.