टोपीचे पैसे काढून टाक

प्रिय मैत्रिणी,

साथीच्या कामासाठी गावोगाव ‘आरोग्यदूत’ नेमायचा तुझा आराखडा दोनदा वाचला. दोन दिवसांचं प्रशिक्षण, बॅग, टोपी, ओळखपत्र, व्हॉट्सॲप ग्रुप, दर महिन्याचा अहवाल. मांडणी नेटकी आहे, तक्रार नाही. फक्त एक गोष्ट त्यात कुठेच आली नाही. साथ ओसरली की तू नि मी गाडीत बसून निघून येतो, आणि तुझी ती ‘स्थानिक नेतृत्व’ असलेली बाई त्याच नळावर पाणी भरायला उभी राहते.

हे मला माझ्या चुकीतून कळलं. २०२० चा एप्रिल-मे. मुंबई-पुण्याहून माणसं गावाकडे परतत होती, जिल्हा परिषदेच्या शाळेत विलगीकरण चालू होतं. कोण आलं, कुठून आलं, कुणाला खोकला आहे याची यादी आशाताई, म्हणजे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविका, करायच्या. एका गावच्या बैठकीत कौतुकाच्या भरात मी सगळ्यांसमोर बोलून गेले, “ताईंनी इतकी चोख यादी दिली म्हणूनच हे जमलं.” ताई मान खाली घालून बसल्या. यादीत त्यांच्या भावकीतली दोन घरं होती. पुढे कित्येक दिवस त्या गल्लीत त्यांना कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. एका गरोदर पोरीनं ताप अंगावर काढला, पण ताईंना कळू दिला नाही. ती वाचली, ते नशीब. ताईंची वर्षानुवर्षांची पत मी एका वाक्यात खर्चून टाकली होती, आणि ती माझी नव्हतीच.

तेव्हापासून मी एक रीत पाळते. शाळेत राहा, बाजार बंद, लग्नाला पन्नासच माणसं, असे कडू निरोप आपण द्यायचे, नाहीतर तहसीलच्या माणसाकडून देववायचे. रेशन आलंय, रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, उद्या रुग्णवाहिका येणार आहे, हे मात्र गावातल्या ताईच्या तोंडून जाऊ दे. शिव्या खायला आपण पगारी माणसं आहोत.

आणि तिला पगार नाही, हे विसरू नकोस. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली ती ‘स्वयंसेविका’ म्हणून, कामागणिक मोबदल्यावर. कोविडच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला हजार रुपये. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा आपल्याच क्षेत्रातली काही माणसं म्हणाली, “अशा वेळी संप?” मग कधी करायचा? २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरच्या आशांचा गौरव केला. मी एका ताईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बरं झालं. पण मार्चचा मोबदला कधी येतो तेवढं विचाराल का?” मी विचारलं. तालुक्याला चार फेऱ्या पडल्या. तिला आधार म्हणजे बहुतेक वेळा अशाच फेऱ्या असतात, तुझ्या अहवालात त्यांना रकाना नाही.

आणखी एक, कागदाचं. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमाकवच जाहीर झालं, त्यात आशाही होत्या. पण बाई गेली आणि घरच्यांना दावा करायचा, तर ती कोविडच्या कामावर होती, असा दाखला लागायचा. आणि कामाचे हुकूम यायचे तोंडी, नाहीतर रात्री अकराला मोबाइलवर. पहिल्या दिवसापासून तिच्या नावाची एक फाइल ठेव. प्रत्येक हुकुमाची प्रत, तारीख, सही. बोलायला अशुभ वाटतं, तरी ठेव.

तू धारावीचं उदाहरण दिलंयस, ते योग्यच. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ लाखांवर माणसं, शौचालयं सामाईक, तिथे ‘अंतर राखा’ कुणाला सांगणार? महापालिकेनं तिथल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं, पीपीई किट दिले, दवाखाने उघडायला लावले. ताप आला की लोक ज्यांच्याकडे एरवीही जातात, तीच ही माणसं. (बरेच मजूर तोवर गावी निघून गेले होते, हे धारावीचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत.) तू मात्र तुझ्या १२ गावांत नवे ‘आरोग्यदूत’ नेमायला निघालीस. अगं, आधी विचार तरी, तिथे रात्री दोन वाजता लोक कुणाचं दार वाजवतात? सरपंचाचंच असेल असं नाही. कुठे ती सुईण असेल, कुठे बचत गटाची अध्यक्ष, मेळघाटात भुमका, म्हणजे तिथला पारंपरिक वैदू.

पत्रकाचंही तसंच. ‘लक्षणे आढळल्यास नजीकच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा’ हे वाक्य आमच्या ताई लोकांपुढे वाचायच्या आणि घडी घालून ठेवायच्या. मग म्हणायच्या, “अंग तापलं तर मला हाळी द्या, रातच्याला बी.” लोक हे दुसरं ऐकायचे. आमच्या कार्यालयानं मजकुरात बदल केल्याबद्दल त्यांच्याकडून खुलासा मागवला होता, आणि त्या पत्रावर सही माझी होती.

जोर लावून काय होतं, ते पुण्यानं १८९७ च्या प्लेगात पाहिलं. गोरे सोजीर घराघरांत शिरले आणि लोक आपली आजारी माणसं लपवू लागले. त्याच साली झालेला साथरोग कायदा आपल्याकडे मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. कायद्याची गरज असतेच. पण घरातला माणूस खोकतोय, हे कायद्याला कुणी आपणहून सांगत नाही.

दुसऱ्या लाटेत मी रोज संध्याकाळी आठला सात-आठ जणींना फोन करायचे. सुरुवातीला आकडे विचारायचे. नंतर एक जण नुसतीच रडली, तिच्या हातून सर्व्हेत तपासलेला माणूस गेला होता. मग आकडे विचारणं सोडलं. “जेवलीस का” एवढंच. कधी कधी दोन मिनिटांत फोन संपायचा.

असो. टोपी-बॅगचा खर्च काढून टाक. ते पैसे प्रवासभाडं, मोबाइलचं रिचार्ज आणि बुडालेल्या मजुरीसाठी धर, आणि आधी हातात दे, बिलं मागाहून. प्रशिक्षण दोन दिवसांचं नको. सोयाबीन काढणीच्या दिवसांत कोण येणार? दुपारी दोन तास, तिच्याच गावात. मी पुढच्या आठवड्यात त्या बाजूला आहे. आराखडा घेऊन आपण एखाद्या ताईंच्या घरी बसू, पण कधी यायचं ते त्यांना विचारून मला कळव.

तुझी,
मावशी