शिकवण्याच्या नव्या पद्धतीची चाचणी: तुलना नेमकी कशाशी?

तुमचा बेत मला समजला तो असा: वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पुढच्या तुकडीचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला नेहमीच्या तासांखेरीज सिम्युलेटरवर टाके घालण्याचा जादा सराव द्यायचा, दुसऱ्याला फक्त नेहमीचे तास. आठवड्याने दोघांची परीक्षा. तुम्ही विचारलंय की विद्यार्थी किती लागतील. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. या आराखड्यात सिम्युलेटरचा गट जवळजवळ नक्की पुढे जाईल आणि तरीही सिम्युलेटरबद्दल काहीच कळणार नाही. ज्यांना जादा वेळ मिळाला त्यांना जास्त आलं, एवढंच सिद्ध होईल.

डेव्हिड कुक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात इंटरनेटवरून दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय शिक्षणाच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. जिथे तुलना ‘काहीच न शिकवण्याशी’ होती, तिथे ज्ञानावरचा परिणाम (दोन गटांतला फरक, गुणांच्या प्रमाण विचलनाच्या पटीत) १.०० निघाला, म्हणजे दणदणीत. जिथे तुलना शिकवण्याच्या दुसऱ्या एखाद्या पद्धतीशी होती, तिथे तो ०.१२ वर आला. हे दोन आकडे प्रत्येक वैद्यकीय शिक्षकाने लक्षात ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

म्हणून दुसऱ्या गटालाही तेवढाच वेळ, तेवढंच लक्ष द्या. फक्त पद्धत वेगळी ठेवा. याचा मला फार आवडणारा नमुना म्हणजे लार्सन, बटलर आणि रोडिगर यांची २००९ची चाचणी. निवासी डॉक्टरांना दोन विषय शिकवले: स्टेटस एपिलेप्टिकस (न थांबणारी फिट) आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार). मग एका गटाने पहिल्या विषयावर पुन्हा पुन्हा चाचण्या दिल्या आणि दुसऱ्या विषयाचं टिपण पुन्हा वाचलं. दुसऱ्या गटाने नेमकं उलट केलं. सहा महिन्यांनी ज्या विषयावर चाचण्या दिल्या होत्या त्यात सुमारे १३ टक्के गुण जास्त पडले. कोणीही वंचित राहिलं नाही, प्रत्येकाला दोन्ही पद्धती मिळाल्या, आणि मोजणी सहा महिन्यांनी झाली. तुम्हीही दोन वेगळी कौशल्यं घेऊन असंच अदलाबदल करू शकता. ‘त्यांना मिळालं, आम्हाला का नाही’ ही विद्यार्थ्यांची रास्त तक्रारही मग उरत नाही.

आठवड्याने घेतलेली परीक्षा मात्र मला अजिबात पटत नाही. लेखी तर नाहीच. सेमूर आणि सहकाऱ्यांची आभासी सिम्युलेटरवरच्या सरावाची २००२ची चाचणी बघा: निवासी डॉक्टर अवघे १६, पण मोजमाप थेट ऑपरेशन थिएटरमध्ये. दुर्बिणीतून पित्ताशय काढतानाचं चित्रीकरण करून, कोण कुठल्या गटातलं हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी चुका मोजल्या. आभासी सराव न मिळालेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच ऊती भाजण्याची शक्यता पाचपट होती. प्रश्न नेमका आणि मोजमाप कसदार असलं की छोटी चाचणीही बोलते. तुम्हाला थिएटरपर्यंत जाता आलं नाही, तरी प्रात्यक्षिकाचं चित्रीकरण आणि गट ठाऊक नसलेला परीक्षक एवढं नक्की जमेल.

एकाच वसतिगृहातली मुलं एकमेकांना शिकवणार, हेही गृहीत धरा. ते टाळायचं असेल तर माणसांऐवजी अख्खी युनिट्स चिठ्ठ्या टाकून गटांत वाटावी लागतात. अमेरिकेतल्या ‘फर्स्ट’ चाचणीत २०१४-१५ साली शल्यचिकित्सेचे ११७ प्रशिक्षण कार्यक्रम असेच वाटले होते, कारण ड्युटीच्या तासांचे नियम एकाच विभागात दोन प्रकारचे ठेवताच येत नाहीत. अशा वेळी विश्लेषणातही गटांचा हिशेब धरावा लागतो, नुसती डोकी मोजून भागत नाही. तुमच्या आवाक्यात मला हे दिसत नाही, अदलाबदल बरी.

चाचणीच्या जाहीर नोंदणीचं म्हणाल तर वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनुसार परिणाम फक्त शिकणाऱ्यांवर मोजत असाल, रुग्णांवर नाही, तर ती सक्तीची नाही. तरी मुख्य निष्कर्ष कोणता ते आधीच लिहून ठेवा. एथिक्स कमिटीची परवानगी मात्र हवीच, आणि इथे माझा आग्रह आहे: संमती तुम्ही स्वतः घेऊ नका. जो गुण देतो त्याला विद्यार्थी नाही म्हणू शकत नाही. दुसऱ्या विभागातल्या कोणाला तरी हे काम द्या, कोणी नकार दिला ते निकाल लागेपर्यंत तुम्हाला कळू नये, आणि चाचणीतले गुण अंतर्गत मूल्यमापनात धरले जाणार नाहीत हे संमतीपत्रावर स्पष्ट लिहा.