इंग्रजीत ‘चर्च’ आणि फ्रेंचमध्ये ‘एग्लीझ’: दोन्ही शब्द ग्रीक कसे?

दोन्ही ग्रीकच, पण मूळ शब्द वेगवेगळे.

‘एग्लीझ’चं मूळ ‘एक्लेसिया’. ‘एक’ म्हणजे बाहेर, ‘कालेओ’ म्हणजे बोलावणे. जुन्या अथेन्समध्ये नागरिकांच्या सभेला हे नाव होतं, देवाधर्माशी थेट संबंध नव्हता. ख्रिस्ती लोकांनी तो शब्द आपल्या मंडळीसाठी घेतला, लॅटिनमध्ये नेला आणि पुढे त्याची स्पॅनिशमध्ये ‘इग्लेसिया’, इटालियनमध्ये ‘किएझा’, पोर्तुगीजमध्ये ‘इग्रेझा’ अशी रूपं झाली. वेल्शमधला ‘एग्लुइस’सुद्धा त्याच घरातला.

‘चर्च’चं मूळ ‘किरिआकॉन’, म्हणजे प्रभूचं (घर). ‘किरिओस’ म्हणजे प्रभू, धनी. हा शब्द जर्मानिक टोळ्यांनी उचलला. जर्मन ‘किर्खे’, डच ‘केर्क’, स्कॉटिश ‘किर्क’ ही सगळी भावंडं. रशियन ‘त्सेरकोव्ह’ही बहुधा जर्मानिक लोकांकडूनच तिकडे गेला. (जर्मन ‘किर्खे’ जपून उच्चारा, जीभ जरा घसरून ‘किर्शे’ झालं की अर्थ ‘चेरी’ होतो!)

गंमत म्हणजे दोन्ही शब्द आपल्याकडेही आलेत. इंग्रजांमुळे मराठीत ‘चर्च’ रुळला, आणि गोव्यात कोंकणीत ‘इगर्ज’ म्हणतात तो पोर्तुगीज ‘इग्रेझा’. म्हणजे पणजीत इगर्जीच्या पायऱ्या चढताना तुम्ही अथेन्सच्या नागरिकसभेचं नाव घेत असता.

त्याहून जुनं उदाहरण हवं असेल तर पंचांग उघडा. ज्योतिषातला ‘होरा’ हा ग्रीक ‘होरा’च, आणि इंग्रजी ‘अवर’, फ्रेंच ‘अर’ही त्याच्यापासूनच.