लोकशाही क्रांतीतूनच जन्मली का? पुढे तिचं काय होईल?

फ्रान्सपुरतं सांगतो. २० जून १७८९, फ्रेंच क्रांतीची सुरुवात; पॅरिसजवळचं व्हर्साय. राजाने बोलावलेल्या सभेतले सामान्य वर्गाचे प्रतिनिधी आले तर सभागृहाला कुलूप, दाराशी शिपाई. मग जवळच्याच टेनिसच्या बंदिस्त मैदानात शिरून त्यांनी शपथ घेतली: राज्यघटना होईपर्यंत पांगायचं नाही. सह्या झाल्या. मार्तँ-दोश या एकट्या प्रतिनिधीने सहीपुढे ‘विरोधक’ असं लिहिलं. बाकीचे खवळले, पण सभेचे अध्यक्ष बायी यांनी ती नोंद तशीच राहू दिली. मला तर शपथेपेक्षाही तीच लोकशाही वाटते. चारच वर्षांत खुद्द बायी गिलोटिनवर, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रावर, गेले. बायकांना मताचा हक्क मिळायला १९४४ उजाडलं. पुढचं विचाराल तर निवडणुका होत राहतील. एकट्याची विरोधी सही जपणारे अध्यक्ष मिळतील का, याची मात्र काळजी वाटते.