अँटिव्हायरस फुकटचाच ठेवा, पण आधी ते एनीडेस्क काढा

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आहे. वय 62. घरी जुना डेस्कटॉप, त्यावर विंडोज 10. विकतच्या अँटिव्हायरसची मुदत संपत आलीय आणि नूतनीकरणाला 1,200 रुपये लागणार आहेत. बंगळुरूचा मुलगा म्हणतो, फुकटचा टाका. सरांना ते पटत नाही: ‘निवृत्तीचे 26 लाख ज्या बचत खात्यात आहेत, ते याच संगणकावरून चालवतो. मग हजार-बाराशे वाचवण्यात काय अर्थ?’

पत्राच्या मध्येच, जाता जाता, हेही लिहिलंय: ‘दिवाळीच्या सुमारास स्क्रीनवर लाल इशारा आला, भोंगा वाजू लागला. खाली दिलेल्या नंबरवर फोन केला. कंपनीच्या मुलाने एनीडेस्क (दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला सांगून तीनशेच्या वर व्हायरस काढून दिले आणि 8,499 रुपयांत पाच वर्षांचा सपोर्ट प्लॅन दिला. एनीडेस्क काढू नका, वॉरंटी जाईल, असं त्याने बजावलंय. या प्लॅनसोबत फुकटचा अँटिव्हायरस चालतो का?’

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींचं आहे. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो, तो फुकट आहे आणि तुमच्या वापराला पुरतो. 1,200 भरू नका. आता खऱ्या विषयाकडे येऊ, कारण तुम्हाला 8,499 ला फसवलंय आणि ते अजून तुमच्या लक्षात आलेलं नाही.

तो लाल इशारा म्हणजे एक साधं वेबपेज होतं. पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं, आवाजासकट. वेबपेजला तुमच्या संगणकातले व्हायरस मोजता येत नाहीत. ब्राउझर बंद केला असता तर भोंगाही थांबला असता. आणि मायक्रोसॉफ्ट किंवा कोणतीही अँटिव्हायरस कंपनी असल्या इशाऱ्याखाली फोन नंबर देत नाही. पुढे त्या मुलाने बहुधा ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली असेल. ती यादी माझ्याही संगणकात आहे, तुमच्या मुलाच्याही. एखादा प्रोग्राम उशिरा सुरू झाला तरी तिथे नोंद होते. तुमचे तीनशे व्हायरस तेच.

एनीडेस्क हे वाईट सॉफ्टवेअर नाही. ऑफिसांमधून रोज वापरलं जातं. पण ज्याला तुम्ही त्यातून आत घेतलंत, तो तुमच्या खुर्चीत बसल्यासारखा सगळं बघू शकतो, हलवू शकतो. परत येण्यासाठी त्याने पासवर्ड लावून ठेवला असेल, तर तुमची परवानगीही लागत नाही. मुख्याध्यापक असताना अनोळखी माणसाच्या हातात तुम्ही कार्यालयाच्या चाव्या दिल्या नसत्या. आणि ‘बँकेचे पासवर्ड विसरू नयेत म्हणून डेस्कटॉपवर फाइल करून ठेवलीय’ हे तुमचं वाक्य वाचून तर मी पत्र बाजूला ठेवून आधी तुम्हाला ईमेल केला.

ईमेलमध्ये लिहिलं तेच इथेही लिहितो, कारण या जागी आणखी बरेच जण असतील. संगणकाची इंटरनेट जोडणी काढा. बँकेच्या अधिकृत नंबरवर फोन करून नेटबँकिंग तात्पुरतं बंद करायला सांगा, मग दुसऱ्या उपकरणावरून, म्हणजे पत्नीच्या फोनवरून वगैरे, नवा पासवर्ड लावा. ईमेलचाही बदला, कारण बाकीचे पासवर्ड बदलण्याचा रस्ता तिथूनच जातो. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. संगणक मात्र नुसता साफ करून भागणार नाही. फोटो-कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या आणि विंडोज नव्याने टाकून घ्या. आत काय काय सोडून गेलेत ते शोधत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

‘पैसे गेले तर बँक भरून देईल ना?’ असंही तुम्ही विचारलंय. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक आहे. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भार शून्य. पण पासवर्ड किंवा ओटीपी तुम्हीच हाती दिलात, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. डेस्कटॉपवरची पासवर्डची फाइल आणि स्वतःच्या हाताने टाकलेलं एनीडेस्क, हे बँक कोणत्या बाजूला धरेल ते मी सांगायला नको. कुठलाही अँटिव्हायरस, मग तो 1,200 चा असो की 12,000 चा, तुमच्याच हाताने दिलेली परवानगी अडवत नाही. खोक्यावर ‘बँकिंग प्रोटेक्शन’ छापलेलं असलं तरी.

आता ते 26 लाख. चार वर्षं बचत खात्यात का? तुम्ही लिहिता, ‘मुलाला घरासाठी कधीही लागतील, हाताशी असावेत.’ मुलाने चार वर्षांत मागितलेले नाहीत. आणि त्याच घराच्या आशेने तुम्ही नेटबँकिंगची मर्यादा दिवसाला 10 लाख करून घेतलीय! म्हणजे चोराला तीन दिवस पुरे.

हिशेब करा. बचत खात्यावर अडीच टक्के धरले तर वर्षाला 65,000. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हे लिहिताना 8.2 टक्के मिळतात, म्हणजे 2,13,000. फरक वर्षाला दीड लाखाच्या आसपास, महिन्याला 12,000. मागच्या चार वर्षांत नुसत्या एफडीत ठेवले असते तरी चार लाख जास्त आले असते. बाराशे रुपयांच्या नूतनीकरणावर तुम्ही दोन पानं लिहिलीत, या चार लाखांवर एक ओळ नाही.

माझ्या मते 20 लाख या योजनेत टाका, शक्यतो पोस्टात. मर्यादा 30 लाखांची आहे, वय 60 च्या वर असल्याने तुम्ही पात्र आहात आणि दर तिमाहीला 41,000 हातात येतील. गुंतवताना असेल तो दर पाच वर्षं तसाच राहतो. मुलाला लागलेच तर दोन वर्षांनंतर एक टक्का कापून मोडता येते: व्याज 3,28,000, कपात 20,000, तरी तीन लाख सुटतात. बचत खात्यात तेवढ्याच काळात एक लाख. पहिल्या वर्षात मात्र मोडू नका, मिळालेलं व्याज परत कापून घेतात. पेन्शन महिना 40,000 आणि हे व्याज मिळून साडेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे नव्या करप्रणालीत कर शून्य. टीडीएस कापू नये म्हणून दरवर्षी फॉर्म भरून द्यायचा, एवढंच काम.

चार लाखांची एफडी दुसऱ्या बँकेत, जिथे नेटबँकिंग घ्यायचंच नाही. लोक इथे गल्लत करतात. त्याच लॉगिनमध्ये दिसणारी एफडी सुरक्षित नसते, ती ऑनलाइन मोडून पैसे पुढे पाठवता येतात. उरलेले दोन लाख सध्याच्या खात्यात, आणि मर्यादा दिवसाला 25,000 वर आणा. वीजबिल आणि औषधं यापेक्षा जास्त मागत नाहीत.

सॉफ्टवेअरबद्दल थोडं राहिलं. विकतचा अँटिव्हायरस काढला की डिफेंडर सहसा आपोआप सुरू होतो. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून हिरवी खूण दिसते का पाहा. दोन अँटिव्हायरस एकत्र चालवू नका. दुसरा फुकटचा घ्यायचा मोह झालाच, तर अव्हास्टचं प्रकरण लक्षात असू द्या: ग्राहक कोणत्या वेबसाइट बघतात याची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2024 मध्ये त्यांना 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. संशय वाटला तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर तपासणीची फुकट साधनं आहेत, त्यात आपल्या पुण्याच्या क्विक हीलचंही आहे.

विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. वाढीव अपडेटची सोय तात्पुरती आहे. संगणक विंडोज 11 घेत नसेल तर 35,000 चा नवा लॅपटॉप घ्या. वर काढलेल्या फरकाचे तीन महिने.

8,499 कार्डने दिले असतील तर कार्डाच्या बँकेकडे लेखी तक्रार करा. उशीर झालाय, फार आशा धरू नका. पुढच्या काही महिन्यांत ‘आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत, एनीडेस्क उघडा’ असा फोन येऊ शकतो. तो करणारी तीच मंडळी असतील, आणि या वेळी त्यांना 8,499 नको असतील.