स्वेच्छानिवृत्तीची नोटीस आधी मागे घ्या, प्रमाणपत्राचे मग पाहू

प्रश्न (थोडक्यात): मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. सेवा २३ वर्षे झाली. अकूस्टिक न्यूरोमाची (कानाच्या नसेवरच्या गाठीची) शस्त्रक्रिया होऊन पाच महिने झाले. डाव्या कानाचे ऐकणे पूर्ण गेले, चालताना तोल जातो, चेहऱ्याच्या डाव्या बाजूला अजून अशक्तपणा आहे. खिडकीवर बसणे जमेना, तेव्हा साहेबांच्या सांगण्यावरून स्वेच्छानिवृत्तीची नोटीस दिली. तिची मुदत येत्या ३१ तारखेला संपते, पण मंजुरीचे पत्र अजून आलेले नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळवले तर नोकरी वाचेल का? आणि ज्या डॉक्टरांनी दोन वर्षे कानातल्या आवाजावर नुसत्या गोळ्या दिल्या, त्यांच्यावर दावा लावता येईल का?

उत्तर: तुमच्या पत्रात आजाराला सहा पाने आहेत आणि नोटिशीला दीड ओळ. अशी पत्रे मला नेहमी येतात. कुणाचा पाय गेलेला असतो, कुणाची दृष्टी, कुणाचा मणका, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न प्रमाणपत्राचा असतो. तुमच्या प्रकरणाचा निकाल मात्र ३१ तारीख लावणार आहे.

'मंजुरी आलेली नाही, म्हणजे अजून वेळ आहे' हा तुमचा समज चुकीचा आहे. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालात, त्यामुळे तुम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत. त्यातला नियम ६६ काढून वाचा. वीस वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा झालेल्या कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची नोटीस दिली आणि ती मुदत संपेपर्यंत नियुक्ती प्राधिकाऱ्याने, म्हणजे नेमणुकीचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने, परवानगी नाकारली नाही, तर निवृत्ती आपोआप अमलात येते. इथे शासनाचे मौन म्हणजे होकार. पत्र येवो न येवो, १ तारखेला तुम्ही सेवेत नसाल. ज्यांनी २३ वर्षे इतरांच्या फायली हलवल्या, त्यांनी स्वतःच्या सहीपूर्वी एक नियम वाचू नये, याचा मला राग येतो. तुमची त्या वेळची अवस्था समजत असूनही येतो.

नोटीस मागे घेता येते. त्यासाठी प्राधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि अर्ज निवृत्तीच्या इच्छित तारखेपूर्वी पोचावा लागतो. १ तारखेला दिलेल्या अर्जाला काही किंमत नाही. परवानगी मिळेलच अशी हमी मी देत नाही. पण केंद्राच्या अशाच नियमावर सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या बलराम गुप्ता प्रकरणात म्हटले आहे की, सबळ कारण नसताना ती अडवून धरता येत नाही. अर्ज थेट नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या नावे करा आणि योग्य मार्गाने पाठवा. शिवाय एक प्रत त्यांच्या आवक शाखेत स्वतः नेऊन द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. स्पीड पोस्ट आणि ईमेलही करा. साहेबांच्या टेबलावर ठेवून येऊ नका. ज्यांनी नोटीस द्यायला सांगितले, त्यांच्याच टेबलावर हा अर्ज महिनाभर पडून राहू शकतो.

एवढी घाई का, तेही सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना काढू शकत नाही, की खालच्या पदावर ढकलू शकत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच लाभांसह दुसरे पद द्यायचे. तसे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवता येते. हे कलम शासनाचे हात बांधते. तुम्ही आपण होऊन बाहेर पडलात, तर 'आम्ही कुठे काढले?' एवढे एकच वाक्य त्यांना पुरेल.

आता प्रमाणपत्र. अधिनियमाच्या अनुसूचीत 'बहिरे' म्हणजे दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती, आणि कमी ऐकू येणारी व्यक्ती म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली. तुमचा उजवा कान चांगला आहे, त्यामुळे या व्याख्येत तुम्ही बसत नाही. टक्केवारी काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन देऊन सहाने भागतात. डावा कान १०० टक्के गेलेला आणि उजवा शाबूत, म्हणजे हिशेब १७ च्या आसपास येतो. आरक्षणासारख्या लाभांना ४० टक्के लागतात. तोल आणि चेहऱ्याची नस प्रमाणपत्र देणारे वैद्यकीय मंडळ वेगळी मोजेल का, हे तपासणीवर अवलंबून आहे. त्या आशेवर एकही दिवस घालवू नका.

मग अनुसूचीत न बसणाऱ्याला कलम २०(४) मिळते का? इथे मी छातीठोकपणे बोलणार नाही. कलमात ४० टक्क्यांची अट नाही. कलम २(स) मधील 'दिव्यांग व्यक्ती'ची व्याख्या टक्क्यांवर नाही, दीर्घकालीन कमतरता आणि वाटेतले अडथळे यांवर उभी आहे. विकास कुमार प्रकरणात (२०२१) न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. २०२३ मध्ये तमिळनाडूच्या वीज कंपनीच्या प्रकरणात रंगांधळ्या अभियंत्यालाही वाजवी सोयीसुविधांचे संरक्षण मिळाले, आणि रंगांधळेपणासुद्धा अनुसूचीत नाही. मुद्दा लढवण्याजोगा आहे, पण तो सेवेत राहूनच लढवता येतो.

माघारीच्या अर्जातच कलम २०(२) खाली वाजवी सोयीसुविधा मागा, आणि त्या नेमक्या मागा. 'हलके काम द्यावे' असे मोघम लिहू नका, ते दयेची याचना वाटते. खिडकीऐवजी आतले टेबल. येणारा माणूस आणि साहेब दोघेही उजव्या बाजूला येतील अशी खुर्ची. बैठकीतल्या सूचना लेखी. अंधारात किंवा खडबडीत जागी तोल सांभाळणे कठीण जाते म्हणून काही काळ क्षेत्रीय कामातून सूट. एका कानाने आवाजाची दिशा कळत नाही आणि गर्दीत बोलणे वेगळे ओळखू येत नाही, हे शल्यचिकित्सकांच्या दाखल्यात लिहून घ्या. नस कामातून गेल्यावर साधे श्रवणयंत्र उपयोगाचे नसते. त्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पोचवणारी यंत्रे असतात. ती वापरून पाहणार असाल तर तेही नमूद करा. तोल पुष्कळदा काही महिन्यांत सावरतो, चेहऱ्याला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणून पाचव्या महिन्यातल्या अवस्थेला कायमची म्हणणारा कोणताही कागद सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा.

'नाहीतर अनफिट ठरवू' असे साहेब म्हणाल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्याला घाबरायचे कारण नाही. कुणाल सिंग प्रकरणात (२००३) कर्मचाऱ्याला रुग्णता निवृत्तिवेतन (प्रकृतीमुळे सेवेस अपात्र ठरल्यावर मिळणारे) लागू केले होते, तरीही सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांगांविषयीच्या १९९५ च्या जुन्या कायद्याखालचे संरक्षण त्याला दिले.

डॉक्टरांविषयी थोडक्यात. ही गाठ सावकाश वाढते आणि सुरुवातीची लक्षणे कानाच्या साध्या आजारासारखी दिसतात, त्यामुळे निदानाला उशीर झाला एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. एकाच कानाचे ऐकणे कमी होत असल्याची नोंद असूनही एमआरआय सुचवला नाही का, हे कागद पाहून ठरेल. कागद आत्ताच लेखी मागा. मागणीनंतर ७२ तासांत ते देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. तीन महिन्यांत निकाल असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात किती वर्षे जातील ते कुणी सांगू नये.

माघार नाकारली, किंवा मुदत संपत आली तरी उत्तर आले नाही, तर ३१ च्या आधी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) अंतरिम आदेश मागावा लागेल. नंतर दाद मागायला वर्षभराची मुदत आहे खरी, पण तोवर तुमची जागा भरलेली असेल. वकिलांकडे जाताना मूळ नोटिशीची प्रत न्या. तुम्ही तीत कारण काय लिहिले, ते मला सांगितलेले नाही. 'प्रकृतीमुळे काम करू शकत नाही' असे लिहून बसला असाल, तर त्याच वाक्याला उत्तर देणारा डॉक्टरांचा दाखला माघारीच्या अर्जाला जोडावा लागेल.