ऑनर्सला गेली तर मेडिकलला फायदा होतो का?

एप्रिल उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांतून प्रवेशाच्या सल्ल्यासाठी मला येणारे फोन बहुधा एकाच गोष्टीबद्दल असतात. १ मेपर्यंत कॉलेज पक्कं करायचं असतं. हातात तीन-चार प्रवेशपत्रं असतात आणि त्यातल्या एकात लिहिलेलं असतं, की तुमच्या मुलीची ऑनर्स कॉलेजसाठी निवड झाली आहे. मुलीला डॉक्टर व्हायचं असतं. मग ऑनर्स घ्यावं का? पुढे मेडिकल स्कूलच्या अर्जात त्याचं वजन पडतं का?

भारतातल्या वाचकांना थोडं सांगायला हवं. इथे बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस असा रस्ता नाही. आधी चार वर्षांची पदवी, त्यात ठरावीक विज्ञान विषय, मग एमकॅट ही परीक्षा आणि त्यानंतर चार वर्षांचं मेडिकल स्कूल. तिथली पदवी एमडी, म्हणजे इथली डॉक्टरकीची पहिलीच पदवी. तिच्यासाठी दरवर्षी ५०,००० च्या वर अर्ज येतात, जागा मात्र २३,००० च्या आसपास. ऑनर्स कॉलेज म्हणजे मोठ्या विद्यापीठाच्या पोटातलं छोटं कॉलेज. पेन स्टेटचं श्रायर, न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचं मॅकॉले, न्यू जर्सीतलं रटगर्सचं, अशी कितीतरी आहेत. निवडक मुलं, लहान वर्ग, बहुतेक ठिकाणी शेवटी थीसिस.

तीन वर्षांपूर्वी न्यू जर्सीतलं एक कुटुंब माझ्याकडे आलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आई मूळच्या नाशिकच्या, बाबा आयटीत, मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात. तिच्यापुढे दोन पर्याय होते. एक, घराजवळचं सरकारी विद्यापीठ, ऑनर्स आणि सोबत चांगली शिष्यवृत्ती. दुसरं, दुसऱ्या राज्यातलं नावाजलेलं खाजगी कॉलेज, जवळजवळ पूर्ण फी भरून.

गंमत म्हणजे आई-बाबा दोघंही काळजीत होते, पण कारणं अगदी उलटी.

बाबा म्हणाले, "आमच्या ओळखीतल्या दोन मुलांना ऑनर्स केल्यावर मेडिकल मिळालं. हिने सोडलं तर मागे नाही का पडणार?" आईचं म्हणणं, "अहो ताई, ऑनर्सचे क्लासेस अवघड असतात म्हणे. जीपीए घसरला तर काय उपयोग त्या ऑनर्सचा?" मुलगी फोनशी चाळा करत बसली होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

बाबांच्या मनात दोन गोष्टींची सरमिसळही झाली होती. बारावीनंतरच मेडिकलची जागा राखून ठेवणारे काही संयुक्त कार्यक्रम असतात, उदाहरणार्थ ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा. ऑनर्सचा त्याच्याशी संबंध नाही. ऑनर्समुळे कुठलीही जागा राखली जात नाही. आणि ओळखीतल्या त्या दोन मुलांबद्दल मी एवढंच म्हटलं, की ऑनर्सला मुळात घेतात तीच वर्गातली पहिली मुलं. ती साध्या वर्गात बसली असती तरी बहुतेक तिथेच पोचली असती.

मग आईंची भीती, जीपीए म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी घसरण्याची. ती जास्त खरी होती, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवला. मेडिकलचा सामायिक अर्ज एएमकॅस या यंत्रणेतून जातो. ती सगळ्या कॉलेजांचे ग्रेड एकाच मापाने मोजते: ए म्हणजे ४.०, बी प्लस म्हणजे ३.३. वर्ग ऑनर्सचा होता म्हणून त्यात दशांशाचीही भर पडत नाही. शिवाय जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढला जातो. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी एकूण जीपीए ३.८ च्या जवळ असतो आणि एमकॅट ५२८ पैकी ५११-५१२. म्हणजे चुरस दशांशांची आहे, हे आईंना बरोबर कळलेलं होतं.

पण हिशेब शेवटपर्यंत करायला हवा. चार वर्षांत साधारण १२० क्रेडिट होतात. चार क्रेडिटच्या एका विषयात ए ऐवजी बी प्लस आला, तर एकूण जीपीएत फरक पडतो ०.०२ चा. त्याने कुणाचं मेडिकल हुकत नाही. मात्र विज्ञानाचे चार विषय केवळ हौसेने ऑनर्सच्या वर्गात घेतले आणि चारही ठिकाणी बी प्लस आले, तर साठेक क्रेडिटच्या विज्ञान-जीपीएत ४.० चे ३.८१ होतात. हे मात्र अर्जात दिसतं. ऑरगॅनिक केमिस्ट्री ऑनर्समध्ये घ्यायची तर ती आवडते म्हणून घ्यावी, प्रवेश समितीला दाखवायला नव्हे.

बाबांनी लगेच विचारलं, "म्हणजे नकोच ना?"

मी म्हटलं, आधी नियमपुस्तिका उघडू. माझ्या अनुभवात दहातली नऊ घरं ती न वाचताच निर्णय घेतात. माहितीपत्रकातले झाडाखाली हसणारे विद्यार्थी सगळे पाहतात, अटींची पीडीएफ कुणी उघडत नाही. आम्ही चौघांनी स्क्रीनवर ती ओळीओळीने वाचली. २४ क्रेडिट ऑनर्सचे हवेत, त्यातले सहा थीसिसचे. जीपीए ३.५ च्या खाली गेला तर एक सत्र इशारा, मग बाहेर. आणि एका कोपऱ्यात लिहिलेलं, की उरलेले क्रेडिट कोणत्याही विभागातून घेता येतील. विज्ञानातलेच हवेत अशी अट कुठेच नव्हती.

तेव्हा मुलीने पहिल्यांदा मान वर केली. "मावशी, म्हणजे मी केमिस्ट्री रेग्युलर घेऊ शकते? आणि ऑनर्समध्ये हिस्टरी?"

घेऊ शकतेस. तिला साथीच्या रोगांच्या इतिहासावरचा एक सेमिनार दिसला होता, पंधरा जणांचा. इथेच ऑनर्सचा खरा उपयोग सुरू होतो. मेडिकल स्कूल्सना शिफारसपत्रं लागतात, बऱ्याच ठिकाणी विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची आणि विज्ञानाबाहेरच्या एकाची. तीनशे जणांच्या सभागृहात शिकवणारे प्राध्यापक "हिला ए मिळाला" यापलीकडे काय लिहिणार? पंधरा जणांच्या वर्गात तुम्ही कसा विचार करता, चूक दाखवल्यावर कसं ऐकून घेता, हे त्यांना माहीत असतं. विज्ञानाची दोन पत्रं मात्र ऑनर्स मिळवून देत नाही. त्यासाठी प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला, जाऊन बसावं लागतं, प्रयोगशाळेत भांडी धुवावी लागतात.

दुसरा उपयोग फार रूक्ष आहे, म्हणून कुणी सांगत नाही. ऑनर्सच्या मुलांना बऱ्याच ठिकाणी विषयांची नोंदणी इतरांच्या आधी करता येते. तिला गावातल्या स्वयंसेवी ॲम्ब्युलन्स पथकात ईएमटी, म्हणजे तातडीची वैद्यकीय मदत देणारी, म्हणून जायचं होतं. लॅबचा हवा तो वार मिळाला, तरच पथकातली ड्यूटी जमणार होती. रुग्णांजवळ घालवलेला असा वेळ अर्जात ऑनर्सच्या शिक्क्यापेक्षा कितीतरी जास्त बोलतो. एएमकॅसमध्ये उपक्रमांसाठी १५ जागा असतात, त्यातले तीन सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडायचे. ऑनर्सची निवड तिथे फार तर एका जागेत मावते. त्या तीन उपक्रमांत ती घालणारा विद्यार्थी मी तरी पाहिलेला नाही.

पैशांचं बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो, म्हणून ते मीच काढलं. शिष्यवृत्ती ऑनर्सशी जोडलेली होती, ऑनर्स सुटलं तर तीही जाणार. तरी चार वर्षांत खाजगी कॉलेजच्या तुलनेत मोठी रक्कम वाचत होती. कर्ज काढून मेडिकल करणाऱ्यांच्या डोक्यावर पदवीच्या दिवशी दोन लाख डॉलरच्या आसपास बोजा असणं इथे नेहमीचं आहे. तेव्हा हा मुद्दा बचतीचा होता, आता तो जास्त कडक झाला आहे. २०२५ च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. मेडिकलच्या विद्यार्थ्याला सरकारकडून वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरच मिळू शकतात. वरची रक्कम खाजगी कर्जातून किंवा घरातून. पदवीवर उधळलेला पैसा मेडिकलच्या वेळी परत येत नाही.

बाबांनी वहीत आकडे मांडले आणि खाजगी कॉलेजचा विषय त्यांनी स्वतःच मिटवला. मुलगी ऑनर्सला गेली.

पहिल्याच सत्रात केमिस्ट्रीत बी प्लस आला. आईंचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. वर्ग साधाच होता, ऑनर्सचा नव्हता, म्हणजे दोष द्यायला ऑनर्सही उरलं नव्हतं. मी त्यांना ०.०२ ची आठवण करून दिली. मुलगी मात्र शांत होती, तिने तोवर दर मंगळवारी प्राध्यापकांकडे जायला सुरुवात केली होती.

आता ती तिसऱ्या वर्षात आहे आणि अडचण थीसिसची आहे. तिसरं वर्ष संपताच जूनमध्ये अर्ज केला, तर थीसिस तेव्हा अर्धवट असतो, आणि ऑनर्सची पदवी तर मिळते चौथ्या वर्षाच्या शेवटी. म्हणजे ज्या शिक्क्यासाठी ऑनर्स घ्यायचं म्हणतात, तो थेट अर्ज करणाऱ्यांच्या अर्जात असतच नाही! एक वर्ष थांबून अर्ज केला, तर थीसिस पूर्ण असतो, मार्गदर्शकाचं पत्र भक्कम होतं, एमकॅटलाही श्वास मिळतो. इथे आता बहुतेक मुलं असं एखादं वर्ष घेतात.

तिला थांबायचंय. तिचा थीसिस लहान मुलांच्या दम्यावर आहे आणि तो तिला मनापासून आवडतोय. आईंची हरकत नाही. बाबांना मात्र "वर्ष वाया" हे पटत नाही. त्यांच्या इंजिनिअरिंगच्या काळात वर्ष गेलं म्हणजे नापास झाला असाच अर्थ होता. त्यांनी येत्या रविवारची वेळ घेतली आहे, या वेळी एकट्यासाठी. त्या एका वर्षात ती कमावणार किती आणि आरोग्यविमा कुणाचा, एवढे दोनच प्रश्न त्यांनी आधी लिहून पाठवलेत.